चौकटीची पाठ : फ्रेमच्या दुकानाविषयी वाचकांचे प्रश्न

फ्रेमच्या धंद्याबद्दल गोव्यातून आलेल्या पत्रांत पट्टीच्या नक्षीबद्दल कोणी काही विचारलेलं नाही. विचारलंय ते बुरशीबद्दल, सुटणाऱ्या कोपऱ्यांबद्दल आणि हातात न उरणाऱ्या पैशाबद्दल. गिऱ्हाईक फ्रेम समोरून बघून घेतं, पण तक्रार घेऊन परत येतं ते बहुधा तिच्या पाठीमुळे. म्हणून उत्तरांतही पाठीकडे जास्त लक्ष दिलं आहे.

प्रश्न : म्हापशाला आमचं वडिलांपासूनचं दुकान आहे. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, प्रशस्तिपत्रकं असं सगळं करतो. दरवर्षी चवथ (गणेश चतुर्थी) झाली की काही फ्रेमा परत येतात. काचेच्या आत पांढरी बुरशी आणि फोटो काचेला चिकटलेला. काच चांगली, पट्टी चांगली, मग असं का? गेल्या वर्षी प्रत्येक फ्रेममध्ये सिलिका जेलची पुडी घातली, तीही फुकट गेली. — एक वाचक, म्हापसा

बुरशीला तीन गोष्टी लागतात : बीज, खाणं आणि ओल. बीज हवेत असतंच. कागद, खळ, फोटोवरचं जिलेटीन हे तिचं खाणं, ते काढून टाकलं तर फ्रेम करायला काही उरत नाही. राहिली ओल. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर सतत राहिली की कागदावर बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती 80-90 टक्क्यांच्या घरात असते. तेव्हा प्रश्न एवढाच की ओल फ्रेममध्ये कुठून शिरते.

पहिली वाट तुमच्याच दुकानातून जाते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), पुठ्ठा, माउंट बोर्ड (चित्राभोवती किनार म्हणून बसणारा जाड कागद) हे सगळे स्पंजाचे भाऊ. जुलैत दुकानात उघडे पडलेले हे बोर्ड हवेतलं पाणी पिऊन बसलेले असतात. तुम्ही ते तसेच कापता, काचेमागे घालता आणि पाठीमागून नीट टेप लावून बंद करता. म्हणजे ओल बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडता. टेप जितकी चांगली, तितकं नुकसान जास्त. दुसरी वाट काच पुसण्याची. फवारा थेट काचेवर मारला की पाणी कडेला जमतं आणि घाईत काच तशीच बसवली जाते. फवारा फडक्यावर मारा, काच पुसा आणि दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. तिसरी वाट भिंतीची. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पश्चिमेला असेल आणि बाहेरून गिलावा नसेल तर पावसाळाभर ती आतून दमट असते. तिला फ्रेमची पाठ सपाट टेकली की भिंतीतली ओल सरळ बोर्डात जाते.

उपाय याच क्रमाने करा. दुकानात एक डिजिटल आर्द्रतामापक लावा, काही शेकड्यांत मिळतो. माउंट, बॅकिंग (चित्रामागचा बोर्ड) आणि कापलेल्या पट्ट्या ठेवायला एक छोटी बंद खोली किंवा मोठं कपाट ठरवा आणि तिथे आर्द्रता 50-55 वर आणा. खोलीत एसी असेल तर तो ‘ड्राय’वर चालवा, कपाटाला लहान डीह्युमिडिफायर पुरतो. पावसाळ्यात प्रत्येक काम बांधण्याआधी बोर्ड आणि चित्र दोन्ही किमान एक रात्र तिथे ठेवा. गिऱ्हाइकाने आणलेला फोटोही ओलाच असतो, हे बहुतेक दुकानदार विसरतात.

मग बांधणी. काच, माउंट, चित्र, बॅकिंग हा थर एकत्र धरून त्याच्या चारही कडांवरून पट्टी-टेप फिरवा. काचेच्या समोर टेप एक-दीड मिलीमीटरच यावी म्हणजे ती काच बसायच्या पट्टीतल्या खाचेत लपेल. हा बंद गठ्ठा मग चौकटीत बसवा. बहुतेक ठिकाणी टेप फक्त मागे, बॅकिंग आणि लाकडाच्या सांध्यावर लावतात. त्याने धूळ अडते, ओल अडत नाही, कारण काच आणि खाच यांच्यामधली फट समोरून उघडीच असते. बॅकिंगला एमडीएफऐवजी 3 मिलीमीटरचं फ्लूट बोर्ड (प्लास्टिकचा पन्हळी बोर्ड) किंवा एसीपी (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला बोर्ड) वापरा. ते पाणी पीत नाही, फुगत नाही. वर्तमानपत्राची घडी घालून फट भरायची जुनी सवय आजच सोडा. त्या कागदात आम्ल असतं, तो ओल धरतो आणि कसरीला तर ते आयतं जेवण. मैद्याच्या खळीचंही तेच.

शेवटी पाठीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना 4-5 मिलीमीटर जाडीचे रबरी किंवा बुचाचे बंपर चिकटवा. जोडीला एक-दोन रुपयांचं काम आहे. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून वारा फिरतो. आम्हाला विचाराल तर या सगळ्यातला एकच उपाय करायची ऐपत असेल तर हाच करा.

फोटो काचेला चिकटतो त्याचं कारण वेगळं. फोटोचा वरचा थर जिलेटीनचा, म्हणजे जेलीच. ओल लागली की तो मऊ होतो, काचेला लागतो आणि पुन्हा सुकला की तिथेच धरतो. इंकजेट प्रिंटचंही साधारण असंच. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये अंतर हवंच. 1.4 मिलीमीटरचा साधा माउंट 16×20 इंचांपर्यंत पुरतो. त्याहून मोठा कागद पावसाळ्यात पोटाला फुगतो आणि मधोमध काचेला टेकतो. तिथे दुहेरी माउंट घाला, नाहीतर काचेच्या कडेने 3-5 मिलीमीटरचा प्लास्टिक स्पेसर लावा. गिऱ्हाइकाला माउंट नको असेल तर स्पेसर सांगा, पण ‘काचेला लावूनच द्या’ म्हणणाऱ्याला बिलावर तसं लिहून द्या.

सिलिका जेलची गोष्ट सोपी आहे. लहान पुडी काही दिवसांत भरते, मग बाहेरची हवा जरा कोरडी झाली की प्यायलेली ओल तीच आत सोडते. जेल कपाटात मोठ्या प्रमाणात ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की 110-120 अंशांवर दोनेक तास भाजून पुन्हा वापरा. फ्रेममध्ये पुडी घालू नका.

देवाच्या तसबिरीला आणखी एक रोग आहे : ओली फुलांची माळ. पाणी काचेवरून ओघळतं आणि खालच्या खाचेत साठतं. तसबिरींना कडेची टेप लावाच, शिवाय खालच्या पट्टीच्या खाचेत काचेसमोर पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. माळेसाठी खिळा फ्रेमच्या पट्टीत ठोकू नका. तो भिंतीत, फ्रेमच्या वर वेगळा मारायला सांगा.

प्रश्न : पट्टी 45 अंशांत कापायचं, पायाने दाबायचं मायटर मशीन घेतलं, तरी कोपऱ्यांत फट राहते. कधी आतून, कधी बाहेरून. आणि कधीकधी तीन कोपरे जुळतात, चौथा नाहीच. पात्याला धार आहे. — फोंडा

फट कुठे आहे ते बघितलं की रोग कळतो. बाहेरच्या टोकाला फट आणि आतून घट्ट, तर पट्टीच्या टोकाचा कोन 45 पेक्षा जास्त पडतोय. आतून फट आणि बाहेरून घट्ट, तर 45 पेक्षा कमी. चौकटीत आठ काप असतात, त्यामुळे चूक आठपट होते. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती चार अंश होते. डोळ्याला अर्धा अंश दिसत नाही, चार अंश आंधळ्यालाही दिसतात. मशीनची फेन्स (पट्टी टेकवायची कड) सेट करताना भंगार पट्टीचे दोन तुकडे कापा, जोडा आणि गुण्याने (काटकोन बघायच्या अवजाराने) 90 तपासा.

तीन कोपरे जुळून चौथा उघडा राहतो तेव्हा कोनाकडे बघू नका, लांबीकडे बघा. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि टोकावर नख फिरवा. नख अडकलं तर त्या सारख्या नाहीत. स्टॉप (लांबी ठरवण्यासाठी पट्टीचं टोक टेकवायचा अडसर) सैल असतो किंवा आधीच्या कापाची ढलपी स्टॉपपाशी राहिलेली असते. प्रत्येक कापाआधी तिथे ब्रश मारायची सवय लावा. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. एका सुतापेक्षा (सुमारे 3 मिलीमीटर) जास्त फरक असेल तर गम ओला आहे तोवर दाबून सरळ करा.

पायाच्या मशीनवर पट्टी एका दणक्यात कापू नका. रुंद पट्टीला तीन-चार टप्पे द्या, शेवटचा टप्पा केसाएवढा. एकाच दणक्यात पातं लाकडाबरोबर किंचित वाकतं, त्यामुळे वरून कोन बरोबर आणि खालून चुकीचा येतो. फायबरची पट्टी, म्हणजे पॉलिस्टायरीनची, पात्याने चिरडते. तिला बारीक दात्यांची करवत बरी.

व्ही-नेलची (कोपरा जोडायच्या V आकाराच्या खिळ्याची) उंची पट्टीच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. 20 मिलीमीटरच्या पट्टीला 10 चा खिळा. जास्त उंच घातला तर तो समोरून नक्षी फाडून डोकावतो. उंच पट्टीला एकावर एक दोन खिळे द्या. आतल्या कडेजवळ एक, बाहेरच्या बाजूला एक, पण बाहेरच्या टोकापासून अर्धा इंच तरी आत, नाहीतर टोक फुटतं. लाकडाला पांढरा गम लावाच, खिळा फक्त गम सुकेपर्यंत धरायला असतो. फायबरला मात्र पांढरा गम धरत नाही, त्याला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, वापरा.

एक शक्यता राहिली. मे महिन्यात अगदी नीट जुळलेले रुंद लाकडी कोपरे ऑगस्टमध्ये उघडत असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पट्टी रुंद झाली की 45 चा कोन बदलतो आणि बाहेरच्या टोकाला फट येते. अडीच इंचांच्या वरच्या लाकडी पट्टीत हे दिसणारच. समोरून पॉलिश करताना मागची बाजू आणि खाचसुद्धा पॉलिशचा एक हात देऊन सील केली तर ते बरंच कमी होतं. आणि पट्टीखाली पिवळसर पीठ पडत असेल तर ती भुंग्याने धरलेली आहे. तो गठ्ठा दुकानाबाहेर काढा. बाकीच्या मालाला लागायला एक मोसम पुरतो.

प्रश्न : काच किती मिलीमीटरची वापरावी? — साखळी

20×24 इंचांपर्यंत 2 मिलीमीटर, त्यावर 3. वजनाचा हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर काच, एक मिलीमीटर जाडीला अडीच किलो. 24×36 इंचांची काच 3 मिलीमीटरमध्ये सव्वाचार किलोच्या आसपास जाते, त्यात पट्टी आणि बॅकिंग वेगळं. त्याहून मोठं असेल, मुलांच्या खोलीत लावायचं असेल किंवा गिऱ्हाईक विमानाने नेणार असेल तर अ‍ॅक्रिलिक. त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि घासलं की ते धूळ ओढतं. म्हणून कोळशाच्या किंवा सैल पेस्टलच्या चित्रावर अ‍ॅक्रिलिक घालू नका, रंगाची भुकटी उडून त्याला चिकटते. काच खाचेपेक्षा एक सूत लहान कापा. अगदी घट्ट बसलेली काच लाकूड हललं की कोपऱ्यात तडकते.

प्रश्न : आम्ही बाप-लेक दोघे दुकान चालवतो. दर फुटावर सांगतो, पट्टी 45 रुपये फूट असेल तर काचेसकट 90 रुपये फूट. दिवसभर काम असतं, महिन्याच्या शेवटी काही उरत नाही. दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती. — डिचोली

तुमचाच दर घेऊ. समजा 12×18 चा फोटो, चारही बाजूंनी 2 इंच माउंट, म्हणजे काच 16×22. पट्टी सव्वा इंच रुंद. पट्टी किती लागेल : लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट, अधिक पट्टीच्या रुंदीची आठपट. म्हणजे 76 अधिक 10, एकूण 86 इंच, म्हणजे 7.17 फूट. हे आठपट अनेकजण विसरतात, आणि रुंद पट्टीत तिथेच पैसे गळतात. तीन इंची पट्टीला नुसते कोपरेच दोन फूट खातात.

आता कापातली आणि उरलेल्या तुकड्यांची नासाडी 15 टक्के धरा. सव्वाआठ फूट गुणिले 45, झाले 371. काच 2.44 चौरस फूट. तुमच्या पत्रात काचेचा भाव नाही, 40 रुपये चौरस फूट धरू, 10 टक्के फूटतूट धरून 107. बॅकिंग 30 रुपयांनी 73. माउंटची 32×40 ची शीट 320 ची धरली तर तिच्यातून 16×22 चे तीन तुकडे निघतात : दोन शेजारी-शेजारी, तिसरा आडवा. एकाचे 107. खिळे, टेप, रिंगा, तार 25. एकूण माल 683 रुपये.

तुमच्या दराने बिल किती? 7.17 गुणिले 90, म्हणजे 645. मालाचीच किंमत निघत नाही, मजुरी दूरच.

मजुरीचा दर असा काढा. समजा भाडं, वीज, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 24,000, आणि तुम्हा दोघांचा पगार प्रत्येकी 18,000. पगार लिहाच. घरचा माणूस फुकट राबतो असं धरलं की धंदा फायद्यात दिसतो आणि घर तोट्यात जातं. एकूण 60,000. दोघांचे 25 दिवस, आठ तास, म्हणजे 400 तास. त्यातले निम्मे गिऱ्हाइकांशी बोलण्यात, माल आणण्यात, झाडण्यात जातात. राहिले 200. तेव्हा प्रत्यक्ष फ्रेम करण्याचा एक तास 300 रुपयांचा. माउंट कापून ही फ्रेम पूर्ण व्हायला 50 मिनिटं लागत असतील तर 250. झाले 933. चुकलेला काप आणि थोडा नफा यासाठी 15 टक्के. 1,070 च्या घरात जातं.

लहान फ्रेमेत तर अजून वाईट. 5×7 ची फ्रेम तुमच्या दराने 255 रुपयांना जाते. माल 185 चा आणि वेळ अर्धा तास, म्हणजे 150. फ्रेम लहान झाली म्हणून कोपरे तीन होत नाहीत. म्हणून फुटाचा दर सोडा. आकारानुसार तक्ता बनवा : एक पायाभूत रक्कम, जिच्यात चार कोपऱ्यांची मजुरी, खिळे आणि रिंगा येतात, आणि तिच्यावर पट्टी, काच, माउंट यांचे वेगळे दर. कार्यक्रमासाठी एकाच मापाच्या 50 फ्रेमा असतील तर पायाभूत रक्कम उतरवा, कारण तिथे स्टॉप एकदाच लावायचा असतो.

गिऱ्हाइकाची भीती काही अंशी खरी आहे. ऑनलाइन तयार फ्रेम 300 रुपयांत मिळते आणि तिच्याशी भावात बरोबरी होणार नाही. ती करूही नका. साडेनऊ-दहा फुटांच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे मोसमाच्या शेवटी 4×6 आणि 5×7 च्या तयार फ्रेमांत घाला आणि दर्शनी मांडा. ज्याला स्वस्त हवं तो तिथून उचलेल, बेतून करायच्या कामाचा भाव मात्र त्याच्यासाठी पाडायला नको.

प्रश्न : चवथीआधी ऑर्डरींचा ढीग आणि नंतर न नेलेल्या फ्रेमांचा ढीग. काय करावं? — पेडणे

निम्मे पैसे आगाऊ, त्याशिवाय पट्टी कापायची नाही. पावतीवर तीन ओळी छापून घ्या : देण्याची तारीख, 60 दिवसांनंतर ठेवणावळ, आणि आणलेल्या चित्राची अवस्था. ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची. डाग, दुमड, फाटलेला कोपरा गिऱ्हाइकासमोर लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. ‘हा डाग तुमच्याकडे पडला’ हे वाक्य मग ऐकू येत नाही. चवथीची कामं घेणं आठ दिवस आधी बंद करा आणि ती तारीख कागदावर लिहून दारावर लावा. पेडण्यात सगळे ओळखीचेच असतात, तोंडाने नाही म्हणणं कठीण, कागद म्हणतो.

प्रश्न : मडगावच्या एका जुन्या घरातून लक्ष्मीचं छापील चित्र आलंय, रविवर्म्याच्या छापखान्यातलं म्हणतात. मागचं लाकूड वाळवीने खाल्लंय, चित्रावर तपकिरी ठिपके. सोबत आजोबांचा एक फोटो आहे, तो काचेला पूर्ण चिकटलेला. साफ करून नवीन फ्रेम हवी आहे. — मडगाव

फ्रेम करा, साफ करू नका. रविवर्मा प्रेस 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली ओलिओग्राफ म्हणजे दगडी छपाईवर वार्निश चढवलेली चित्रं. ओलं फडकं फिरवलं की वार्निश पांढरट होतं आणि खालचा कागद फुगतो. ब्रेड, खोडरबर, कापूस-स्पिरिट हे सगळे घरगुती उपाय इथे शत्रू आहेत. काहींवर जरी-टिकल्यांचं काम असतं, त्यांना तर ब्रशही जपून.

चित्र बाहेर काढताना मागचा खिळा पक्कडीने ओढू नका, बाजूने कापा. वाळवीची माती दुकानाबाहेर झटका. बुरशी ताजी आणि ओलसर असेल तर हात लावायचा नाही, पुसली की ती कागदात घुसते. आधी कोरड्या कपाटात दोन-तीन दिवस ठेवा. ती भुकटीसारखी सुकली की मास्क लावून, मोकळ्या जागी, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. तपकिरी ठिपके राहतील. ते राहू द्या. मागच्या लाकडावर छापखान्याची चिठ्ठी किंवा कोणाचं हस्ताक्षर असेल तर तो तुकडा टाकू नका, पाकिटात घालून नव्या बॅकिंगला मागून लावा. जुनी काच किंचित लाटांची असेल आणि गिऱ्हाइकाला आवडत असेल तर तीच ठेवा.

बसवताना आम्लमुक्त माउंट घ्या. साध्या माउंटचा लाकडी लगदा काही वर्षांत कापाच्या तिरप्या कडेशी तपकिरी रेघ ओढतो, चित्रावर आणि माउंटवरही. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लटकवा. खळ बोटाच्या नखाएवढी पुरते, पूर्ण सुकू द्या. मैद्याच्या खळीला आम्ही वर नाही म्हटलं आणि इथे स्टार्चला हो म्हणतोय. कारण मैद्यातून ग्लूटेन काढून टाकलेला हा स्टार्च कागदाला पिवळा करत नाही आणि पुढे कधी पाण्याने सोडवता येतो. प्रमाण नखाएवढंच असतं, हेही आहेच. चारही बाजूंनी चिकटवलेलं चित्र पावसाळ्यात फुगायला जागा नाही म्हणून सुरकुतते. सेलोटेप तर नकोच. तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि निघत नाही.

आजोबांचा फोटो काचेवरून सोडवू नका. सुरीने, वाफेने, पाण्यात बुडवून, कशानेही नाही. चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करा, प्रत छापा, प्रतीची फ्रेम करा. मूळ फोटो काचेसकट पाठीला बोर्ड लावून डब्यात सपाट ठेवायला द्या. पुढे खर्च करायची तयारी असेल तर जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-जतन केंद्र आहे. पोर्तुगीज काळातले दस्तऐवज, जन्माचे किंवा जमिनीचे कागद आले तरी हाच नियम : फ्रेम प्रतीची, मूळ कागद अंधारात सपाट. लॅमिनेशन मागितलं तर ‘करत नाही’ म्हणा.

प्रश्न : कॅनव्हासवरची चित्रं फ्रेम करून देतो. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि चित्रकार आम्हाला बोलतात. मागून पाणी शिंपडलं की ताठ होतो असं एकाने सांगितलं. — पणजी

होतो, दोन दिवस. नंतर आधीपेक्षा सैल, आणि पाठीवर पाण्याचा डाग, कधी रंगाला तडा. करू नका. कॅनव्हास आणि रंग यांच्यामधला अस्तराचा थर ओलीत मऊ पडतो आणि ताण सुटतो. डिसेंबरात तो आपोआप परत येतो. त्यासाठी स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट) खिळे ठोकून पक्का केलेला नको, कोपऱ्यात चाव्या (लहान पाचरी) असलेला हवा. चार कोपऱ्यांना आठ चाव्या. हलक्या हातोडीने प्रत्येकीला एक-एक टोला, फेरी मारत. एकाच कोपऱ्यात सगळा ताण काढला तर तिरपी सुरकुती पडते. प्रत्येक पावसाळ्यात ताणत बसलात तर कोरड्या दिवसांत रंग तडकेल, म्हणून फार लोंबत असेल तरच ताणा.

नवीन ताणताना स्टेपल मधून सुरू करून कोपऱ्यांकडे जा, समोरासमोर, दोन-दोन इंचांवर. दीड इंच जाडीच्या पट्टीला चित्राबाहेर चारही बाजूंनी अडीच-तीन इंच कॅनव्हास लागतो, हे चित्रकाराला आधीच सांगा. तीन फुटांच्या वर आडवा दांडा घाला. पट्टीची आतली कड उतरती असावी, नाहीतर तिची रेघ समोरून उठते. फ्लोटर फ्रेममध्ये (कॅनव्हासभोवती फट ठेवून बसणाऱ्या) कडेला दोन सूत मोकळी जागा ठेवा. डिसेंबरात पणजीत कलामहोत्सव असतो तेव्हा सगळे एकदम येतात. स्ट्रेचरचं लाकूड नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आणून सुकत ठेवलेलं बरं.

प्रश्न : चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरत नाही, फ्रेम पडली आणि दोष दुकानाला. — काणकोण

चिऱ्याला हातोडीचा खिळा नकोच, दगड भुसभुशीत होतो आणि खिळा सैल पडतो. ड्रिलमधले हॅमरचे ठोके बंद ठेवून छिद्र पाडा, 8 मिलीमीटरचा नायलॉन प्लग, लांबी 50-60 मिलीमीटर. छिद्र पोकळीत गेलं तर इपॉक्सी भरून प्लग बसवा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू घाला. पाच किलोंच्या वर दोन हुक, अंतर ठेवून.

पण फ्रेम पडते ती बहुतेकदा तारेमुळे. डी-रिंगा (तार ओवायच्या D आकाराच्या कड्या) वरून एक-तृतीयांश उंचीवर लावा आणि तार सैल ठेवा. तार दोन्ही बाजूंना 30 अंशांचा उतार घेत असेल तर चार किलोंच्या फ्रेमेत तिच्यावर चार किलोंचा ताण येतो. ‘मागून दिसू नये’ म्हणून तीच दहा अंशांपर्यंत ताणली तर ताण साडेअकरा किलोंवर जातो, आणि रिंगेचा स्क्रू लाकडातून उपटतो. समुद्रकाठच्या घरांसाठी साध्या लोखंडी तारेऐवजी प्लास्टिकचं आवरण असलेली स्टेनलेस तार, स्क्रू पितळी. आणि बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या पडवीत) रंगीत फोटो लावू नका म्हणून सांगा. तिथलं ऊन आणि पावसाचे शिंतोडे यांवर कोणतीच फ्रेम उपाय नाही.

प्रश्न : पीएम विश्वकर्मा योजनेत फ्रेमवाले बसतात का? — वाळपई

कारागिरांसाठीच्या या केंद्रीय योजनेच्या यादीतल्या 18 व्यवसायांत फ्रेमचं वेगळं नाव नाही, सुतार आहे. तुम्ही लाकडी पट्टी स्वतः हाताने आणि अवजारांनी घडवत असाल तर त्या नावाखाली अर्ज करून बघा. तयार पट्टी आणून नुसती जोडत असाल तर दावा कच्चा आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. मुलगा अविवाहित असेल तर बाप-लेक दोघांनी वेगवेगळे अर्ज भरू नयेत. नोंदणी सामान्य सेवा केंद्रावर होते, आधार आणि बँक पासबुक बरोबर न्या.